गच्चीचं इतिवृत्त

पाथर्डी फाटा. चार मजले, सोळा बिऱ्हाडं,
आणि लिफ्ट-पंपाचं बिल नऊ हजार चारशे.
मी खजिनदार, म्हणून तिन्ही कोटेशनं
माझ्याच फ्रिजवर, चुंबकाखाली,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

पहिलं गरम पाण्याचं.
ते तर होतंच, बिल्डरनं दिलेलं.
बोअरच्या पाण्यानं नळ्यांना आतून
तपेल्यासारखं पांढरं किटण चढलं.
तळमजल्यानं सात बादल्या गार सोडायच्या,
तेव्हा आठवी कोमट.
"उन्हाची चूक नाही, पाइपाची आहे,"
सातपूरहून आलेला फैजान म्हणाला,
आणि टेप खिशात ठेवला.

दुसरं ओल्या कचऱ्याच्या गॅसचं.
आठवडाभर आम्ही जिन्याखाली काटा लावून तोललं:
रोज अकरा किलो,
एकादशीला चौदा (बटाट्याची सालं, केळ्यांची सालं).
एवढ्यावर एक शेगडी पेटेल, दोन तास.
पण कोणाची?
यावर सभा सव्वादोन तास चालली.
म्हणजे गॅस एव्हाना संपला असता.

वाऱ्याचं कोटेशन कुणी दिलंच नाही.
ते खैरनार काकांनी स्वतः काढलं.
एकलहऱ्याला एकतीस वर्षं, कोळशाच्या पट्ट्याजवळ.
रुमाल पांढरा राहीना,
म्हणून पुढे काकूंनी काळेच आणले.
काकांनी सायकलच्या स्पोकवर पत्र्याचं भिरभिरं केलं,
टाकीच्या पाइपाला बांधलं, आणि वही घातली,
गेल्या ज्येष्ठापासून या चैत्रापर्यंत.
सकाळी सात: गप्प.
दुपारी चार: त्र्यंबककडून, मिनिटाला चाळीस.
रात्री: गप्प. गप्प. मांजर.
आषाढात एवढं सुटलं
की एक पाकळी शेजारच्या सोसायटीत
कुणाच्या तुळशीत सापडली.
"दोन महिने कमावणार,
दहा महिने बसून खाणार,"
काकांनी वही मिटली,
"असला जावई नको."

उरली पॅनेलं. अठरा.
कुलथ्यांनी लॅपटॉप उघडला,
साडेचार वर्षांत पैसे वसूल, माना हलल्या,
आणि वीज गेली.
कुणीतरी सवयीनं म्हणालं,
बघा, आत्ता पॅनेलं असती तर...
फैजान अंधारातून:
"खरं सांगू? तारेत वीज नसली
की हीसुद्धा बंद पडतात.
दुरुस्तीला खांबावर चढलेल्याला
आपली वीज लागू नये म्हणून.
बॅटरीचं कोटेशन वेगळं."
कुणी काही बोललं नाही.
मग काका, बऱ्याच वेळानं:
"बरोबर आहे ते.
वर चढलेला माणूस मी पाहिलाय."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

सकाळी गच्चीवर खडू.
टाकीची सावली सोडून,
शेजारच्या सातव्या मजल्याची सावली सोडून
फैजान चौकोन आखत गेला,
पांडवलेणीकडे पाठ करून, उलटा उलटा,
आणि अठरावा चौकोन
देवरे मावशींच्या खाटेला जाऊन थटला.
खाटेवर जुनं धोतर,
धोतरावर पहाटेच्या चिकाच्या कुरडया,
कडेनं नुकत्या वाजू लागलेल्या.
मावशी उठल्या नाहीत.
"हाई ऊन मन्हं शे, भाऊ."
फैजाननं खाटेकडे पाहिलं,
घड्याळाकडे, सूर्याकडे,
जसं तो प्रत्येक जागेचं पाही.
मग चपलेनं खडू पुसला.

ठराव क्रमांक सात, मी लिहिला:
सतरा पॅनेलं. नळ्या साफ करून घेणे.
कचऱ्याचा विषय पुढील सभेत.
टाकीच्या पूर्वेची सात बाय चार जागा मोकळी.
कुलथे म्हणाले, कारण लिहा.
कारण: तिथलं ऊन आधीच कामाला लागलेलं आहे.
सूचक खजिनदार, अनुमोदक वा. द. खैरनार.

भिरभिऱ्याबद्दल ठराव झाला नाही.